स्त्री-पुरुषांची वजनं एकाच आकड्यात कोंबू नका

प्रति,
लोकांची उंची-वजनं मोजून आरोग्याचे अहवाल काढणाऱ्या सर्व राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय संस्था यांस,

सप्रेम नमस्कार.

आपले अहवाल पहिल्या पानापासून शेवटच्या तळटीपेपर्यंत वाचणारे लोक फार नसतील. मी त्यांतली एक. हौस म्हणून नव्हे. त्यातले आकडे उचलून सामान्य वाचकाला कळेल अशा भाषेत मांडणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. त्यामुळे आपल्या अहवालांची मांडणी आता तोंडपाठ झाली आहे. पहिल्या पानावर एक ठळक टक्केवारी, मग वर चढत जाणारी एक रेघ, मग कारणं, मग आवाहन. आणि कुठेतरी परिशिष्टात, बारीक टायपातल्या तक्त्यात, पुरुष आणि स्त्रिया वेगवेगळ्या. माझी तक्रार या परिशिष्टाबद्दल आहे. आपण तिथे जे ढकलता, ते बहुतेक वेळा पहिल्या पानावर असायला हवं होतं.

जगाचाच आकडा घेऊ. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२२ मध्ये १८ वर्षांवरच्या २५० कोटी माणसांचं वजन प्रमाणाबाहेर होतं, म्हणजे प्रौढांपैकी ४३ टक्के. १९९० मध्ये हेच प्रमाण २५ टक्के होतं. स्त्री-पुरुष वेगळे काढले तर पुरुष ४३ टक्के, स्त्रिया ४४. वाचणारा म्हणणार, फरक काहीच नाही, मग वेगळं सांगायचं कशाला? पण ही बरोबरी फसवी आहे. ती बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) २५ या रेषेवरची बरोबरी आहे. रेषा ३० वर नेली, म्हणजे जिथून स्थूलता धरतात तिथे, की चित्र पालटतं. २०२४ च्या सुरुवातीला 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. ३,६६३ पाहण्या आणि २२ कोटींहून अधिक माणसांची प्रत्यक्ष मोजमापं त्यात एकत्र केली होती. त्यानुसार २०२२ मध्ये १८.५ टक्के स्त्रिया स्थूल होत्या आणि १४ टक्के पुरुष. माणसांत मोजायचं तर ५० कोटी ४० लाख स्त्रिया आणि ३७ कोटी ४० लाख पुरुष. तेरा कोटींचा फरक '४३ आणि ४४' या जोडीत कुठेच दिसत नाही, कारण जादा वजनाच्या पुरुषांपैकी बरेचसे २५ ते ३० च्या मधल्या पट्ट्यात आहेत आणि स्त्रियांतल्या तुलनेने जास्त जणी तो पट्टा ओलांडून वर गेल्या आहेत.

बरं, वाढ कोणाची जास्त झाली? त्याच अभ्यासात १९९० चे आकडे आहेत: स्त्रिया ८.८ टक्के, पुरुष ४.८ टक्के. पटीत बघितलं तर पुरुष जवळजवळ तिप्पट झाले, स्त्रिया दुपटीपेक्षा थोड्या अधिक. मथळा तयार: 'पुरुषांची स्थूलता अधिक वेगाने वाढतेय.' वजाबाकी केली तर स्त्रियांमध्ये शंभरामागे ९.७ जणींची भर पडली, पुरुषांमध्ये ९.२ जणांची. दुसरा मथळा तयार: 'स्त्रियांमध्ये वाढ जास्त.' एकाच तक्त्यातून दोन उलट बातम्या निघतात आणि दोन्ही खऱ्या असतात. ज्या बातमीदाराला दुपारी चारपर्यंत मजकूर द्यायचा आहे तो हाताला लागेल ती उचलतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही. पट आणि वजाबाकी दोन्ही शेजारी शेजारी छापायची जबाबदारी आपली आहे.

ही झाली जगाची सरासरी. खरी गंमत देश वेगळे केल्यावर सुरू होते, कारण ही सरासरी एकमेकींना खोडून काढणाऱ्या कहाण्यांची बनलेली आहे.

दक्षिण कोरिया बघा. तिथे २५ च्या बीएमआयलाच स्थूलता धरतात. १९९८ च्या राष्ट्रीय पाहणीत पुरुष आणि स्त्रिया अगदी बरोबरीने होते, साधारण २५ आणि २६ टक्के. २०२० मध्ये पुरुष ४८ टक्क्यांवर पोचले, स्त्रिया २८ च्या आतच राहिल्या. देश तोच, बाजारपेठ तीच, जेवणाची टेबलं तीच. पुरुषांची रेघ जिना चढून गेली आणि स्त्रियांची जागची हलली नाही म्हणावं इतकी कमी हलली. 'कोरियात स्थूलता वाढली' हे वाक्य चुकीचं नाही, पण ते अर्ध्या कोरियाबद्दल आहे.

आता दक्षिण आफ्रिका. १९९८ मध्ये तिथे ५६ टक्के स्त्रियांचं वजन प्रमाणाबाहेर होतं आणि २९ टक्के पुरुषांचं. २०१६ मध्ये स्त्रिया ६८ टक्के झाल्या, पुरुष ३१. अठरा वर्षांत स्त्रियांमध्ये १२ टक्क्यांची भर, पुरुषांमध्ये दोनची. कोरियाचा आरसाच जणू. या दोन देशांची बेरीज करून 'दोन्ही लिंगांमध्ये वाढ' असं कोणी लिहिलं तर गणित चुकणार नाही, अर्थ मात्र पूर्ण नाहीसा होईल. जगाच्या सरासरीत नेमकं हेच होतं, फक्त दोनाऐवजी दोनशे देशांचं.

जपान आणखी तिसरंच सांगतो. २०१९ च्या पाहणीत ३३ टक्के पुरुष २५ च्या वर होते आणि स्त्रिया साधारण २२ टक्के. त्याच पाहणीत विशीतल्या दर पाच जपानी मुलींपैकी एकीचं वजन प्रमाणापेक्षा कमी निघालं. म्हणजे जपानचा 'स्त्रियांचा कमी आकडा' पाहून शाबासकी द्यायला जाल तर त्याच्या तळाशी दुसरा आजार उभा आहे. जादा वजनाच्या तक्त्याशेजारी कमी वजनाचा तक्ता नसेल तर आकडा कमी होणं ही चांगली बातमी आहे की वाईट हे कळायला मार्गच नसतो.

आणि इंग्लंड, जिथे एकाच अहवालातून दोन्ही बाजू स्वतःचा विजय सिद्ध करू शकतात. १९९३ मध्ये २५ च्या वरचे पुरुष ५८ टक्के होते, स्त्रिया ४९. २०२२ मध्ये पुरुष ६७, स्त्रिया ६१. म्हणजे पुरुष पुढे, आणि आधीपासूनच पुढे. पण ३० च्या वर पाहा: १९९३ मध्ये पुरुष १३ टक्के, स्त्रिया १६, २०२२ मध्ये पुरुष २८, स्त्रिया ३०. इथे स्त्रिया पुढे, आणि आधीपासूनच पुढे. एका रेषेवर पुरुषांची आघाडी, दुसऱ्या रेषेवर स्त्रियांची, तीस वर्षांच्या दोन्ही टोकांना. यातला एकच आकडा छापणं म्हणजे निम्मी माहिती दडवणं. हेतू तसा नसेल, परिणाम तोच होतो.

मधल्या पट्ट्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण तिथे भलेभले फसतात. अमेरिकेत १९६०-६२ पासून लोकांना प्रत्यक्ष वजनकाट्यावर उभं करून पाहण्या होत आल्या आहेत. तेव्हा साधारण ११ टक्के पुरुष आणि १६ टक्के स्त्रिया स्थूल होत्या. २०१७-१८ मध्ये पुरुष ४३ टक्के, स्त्रिया ४२. या साऱ्या काळात २५ ते ३० च्या पट्ट्यातलं प्रमाण मात्र तेव्हाही एक तृतीयांशाच्या आसपास होतं आणि आजही तिथेच आहे. 'अतिवजन' या शब्दाचा अर्थ फक्त हा पट्टा असा घेतला तर साठ वर्षांत काहीच घडलं नाही असा निष्कर्ष निघेल! गर्दीच्या फलाटासारखं आहे हे: खालून जितके येतात तितकेच वरच्या गाडीत चढतात, त्यामुळे फलाटावरची माणसं मोजत बसलं तर आकडा हलत नाही. आपल्याच काही अहवालांत 'अतिवजन' म्हणजे २५ च्या वरचे सगळे असतात, काहींत फक्त २५ ते ३०. एकाच संस्थेच्या दोन प्रकाशनांत दोन अर्थ मी पाहिले आहेत. तळटीप असते, नाही असं नाही. तळटीप किती जण वाचतात ते आपल्यालाही ठाऊक आहे.

अमेरिकेतूनच दुसरी गोष्ट. २००५ ते २०१४ या काळाचं विश्लेषण झालं तेव्हा स्त्रियांमध्ये स्थूलता वाढत असल्याचं आणि पुरुषांमध्ये ठळक वाढ नसल्याचं दिसलं. २०१३-१४ मध्ये स्त्रिया ४०.४ टक्के होत्या, पुरुष ३५. पुरुषांची रेघ सपाट झाली असं मानायला जागा होती. चारच वर्षांनी पुरुष ४३ टक्क्यांवर. मग २०२१-२३ च्या पाहणीत पुरुष ३९.२ आणि स्त्रिया ४१.३. ही उतरण खरी की नमुन्यातला चढउतार, यावर लगेच छातीठोक बोलू नये. आधीच्या पाहणीशी तुलना करता हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही. पण त्याच पाहणीतला एक आकडा कोणी फारसा उचलला नाही: बीएमआय ४० च्या वर, म्हणजे तीव्र स्थूलतेत, स्त्रिया १२.१ टक्के आणि पुरुष ६.७. जवळजवळ दुप्पट. गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया, श्वासाचे विकार, बाळंतपणातले धोके, दवाखान्यातल्या खाटांची रुंदी हे सगळं या टोकाशी जोडलेलं आहे. ३९ आणि ४१ या जोडीत ते टोक दिसतच नाही.

रेषा कुठे आखायची याचाही इतिहास आपण वाचकाला सांगत नाही. १९९८ पर्यंत अमेरिकेत पुरुषांसाठी २७.८ आणि स्त्रियांसाठी २७.३ अशा वेगवेगळ्या मर्यादा होत्या. त्या वर्षी दोघांसाठी २५ ठरली आणि कोणाचं वजन एक ग्रॅमही न वाढता कोट्यवधी माणसं रातोरात जादा वजनाची झाली. आशियाई लोकांमध्ये धोका आधी सुरू होतो म्हणून २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २३ आणि २७.५ हे बिंदूही सुचवले. चीन २४ आणि २८ वापरतो. जुने आकडे नव्या मर्यादेने पुन्हा मोजून न देता दोन काळांची तुलना केलेली दिसली की मी तो आलेख बाजूला ठेवते.

आता मोजणीकडे. उंची-वजन मोजणं सोपं वाटतं. प्रत्यक्षात पाहणीवाले घरी येतात तेव्हा चपला काढायच्या, खिसे रिकामे करायचे, टाचा, पाठ आणि डोक्याचा मागचा भाग फळीला टेकवायचा, नजर समोर ठेवायची, डोळ्याची खालची कड आणि कानाचं छिद्र एका आडव्या रेषेत आणायचं, आणि मग वरची सरकती पट्टी केस दाबून डोक्याला टेकेपर्यंत खाली आणायची. केस वर बांधलेले असतील तर सोडायला लावायचे. उंचीत दोन सेंटिमीटर चुकले की काय होतं? बीएमआयमध्ये उंचीचा वर्ग आहे, त्यामुळे चूकही दुपटीने वाढते.

आणि हे सगळं टाळून फोनवर विचारलं तर? तिथे स्त्री-पुरुषांचं खोटं वेगवेगळं असतं. खोटं हा शब्द कडक झाला. दोघंही स्वतःवर थोडी मेहेरबानी करतात. पुरुष उंची वाढवून सांगतात, स्त्रिया वजन कमी करून. १७५ सेंटिमीटर उंचीच्या, ७८ किलोच्या पुरुषाचा बीएमआय २५.५ येतो. त्याने उंची १७८ सांगितली की तो २४.६ वर, म्हणजे रेषेच्या अलीकडे. १६० सेंटिमीटर उंचीच्या, ६५ किलोच्या बाईचा बीएमआय २५.४, तिने ६३ सांगितलं की तीही २४.६ वर. दोघंही एका वाक्यात निरोगी झाली. प्रश्न एवढाच की ही मेहेरबानी दोघांची सारख्या प्रमाणात नसते, वयाप्रमाणे बदलते, आणि म्हाताऱ्या पुरुषांच्या तोंडी तर तरुणपणीचीच उंची असते. म्हणून फोनवरच्या पाहणीतून स्त्री-पुरुषांतला जो फरक निघतो त्यात शरीराचा भाग किती आणि सांगण्याचा किती, हे वेगळं काढणं कठीण. 'मोजलेले' की 'सांगितलेले' हा शब्द आलेखावरच, शीर्षकाच्या खाली छापा. पद्धतीच्या प्रकरणात नको.

पुरुषांबद्दल आणखी एक. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांची बरीचशी माहिती ज्या लोकसंख्या व आरोग्य पाहण्यांतून येते, त्या १९८४ पासून मुख्यतः माता आणि बालकांसाठी आखलेल्या. साहजिकच काटा घरी आला तो बाईसाठी आणि बाळासाठी. नवरा बाजूला उभा राहून बघत होता. भारतात १९९८-९९ च्या राष्ट्रीय पाहणीत स्त्रियांची वजनं घेतली गेली, पुरुषांची नाही. पुरुष काट्यावर चढले ते २००५-०६ मध्ये. तेव्हा २५ च्या वर स्त्रिया १२.६ टक्के आणि पुरुष ९.३ होते; २०१९-२१ मध्ये स्त्रिया २४ आणि पुरुष २२.९. पुरुष जवळजवळ बरोबरीला आले, आणि मागची रेघ नसल्यामुळे ही चढण कधी सुरू झाली ते कोणालाच सांगता येत नाही. शिवाय या पाहण्यांत स्त्रिया ४९ व्या वर्षी संपतात. रजोनिवृत्तीनंतर चरबी मांड्या-नितंबांवरून पोटाकडे सरकते, म्हणजे धोका वाढतो तेव्हाच ती बाई मोजणीतून बाहेर पडते. यापेक्षा उलटी रचना मुद्दाम ठरवूनही जमली नसती. आणि २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत रोखली तेव्हा या आंतरराष्ट्रीय पाहण्यांचा कार्यक्रमच ठप्प झाला, ही वर आणखी एक चिंता.

'स्त्रियांमध्ये स्थूलता जास्त' या वाक्यातून पुरुषांनी निश्चिंत व्हावं असाही अर्थ निघतो, आणि तोही घातक आहे. तेवढ्याच बीएमआयला बाईच्या अंगात चरबी जास्त असते हे खरं, पण पुरुषाची चरबी पोटात, अवयवांभोवती साठते. स्कॉटलंडमधल्या मधुमेहींच्या नोंदी तपासल्या तेव्हा निदानाच्या वेळी पुरुषांचा सरासरी बीएमआय ३१.८ आणि स्त्रियांचा ३३.७ आढळला. म्हणजे पुरुषाला तो आजार कमी वजनावर गाठतो. म्हणूनच कंबरेच्या घेराच्या मर्यादा दोघांसाठी वेगळ्या आहेत: पुरुषांना ९४ सेंटिमीटरपासून इशारा, स्त्रियांना ८० पासून. टेप काही महाग नसते. तरी कित्येक पाहण्यांत कंबर मोजलीच जात नाही.

कारणांच्या प्रकरणातही हीच सरमिसळ. पैसा आला की वजन वाढतं, हे गरीब देशांत खरं. देश सुधारत जातो तसा भार कमी शिकलेल्या, कमी कमावणाऱ्यांकडे सरकतो, आणि हा सरकण्याचा टप्पा स्त्रियांमध्ये आधी येतो, पुरुषांमध्ये बराच नंतर. श्रीमंत देशांत कमी शिकलेल्या बायकांचं वजन जास्त असतं. पुरुषांमध्ये शिक्षणाशी असं सरळ नातं दिसत नाही. आता स्त्री-पुरुष एकत्र करून 'शिक्षण आणि स्थूलता' असा आलेख काढला तर काय हाती लागणार? एक अर्धवट उतरती रेघ, जी दोघांपैकी कोणाचीच नाही. कामाचंही तसंच. अमेरिकेत पाच दशकांत नोकरीच्या ठिकाणी रोज खर्च होणारी ऊर्जा शंभराहून अधिक कॅलरींनी घटली; पण शेतातून आणि कारखान्यातून खुर्चीत येणं दोघांच्या वाट्याला वेगवेगळ्या दशकांत आलं, आणि बाईच्या बाबतीत घरकाम, गरोदरपण, त्यानंतर अंगावर राहिलेलं वजन हे हिशेब वेगळे. कारण वेगळं असेल तर उपायही वेगळा लागेल, इतकं साधं आहे हे.

मुलांच्या आकड्यांपाशी मी सर्वात जास्त वेळ थांबते. ५ ते १९ वयात २०२२ मध्ये ९.३ टक्के मुलगे स्थूल होते आणि ६.९ टक्के मुली. म्हणजे लहानपणी मुलगे पुढे, मोठेपणी बायका पुढे. याचे दोन अर्थ लागू शकतात. एक, वय वाढताना कुठेतरी या रेघा एकमेकींना छेदतात. दोन, आजचे मुलगे ही नवीच पिढी आहे आणि ती मोठी होईल तेव्हा पुरुष पुढे जातील. पहिल्या अर्थाला थोडा आधार आहे: १९९० मध्येही मुलगे २.१ टक्क्यांवर होते आणि मुली १.७ वर, आणि ती मुलं २०२२ मध्ये सदतीस ते एक्कावन्न वर्षांची होती. तरी तेव्हा प्रौढांत स्त्रियाच पुढे होत्या. दुसऱ्या अर्थालाही आधार आहे: प्रौढांत १९९० मध्ये स्त्रियांचं प्रमाण पुरुषांच्या १.८ पट होतं, २०२२ मध्ये १.३ पट. पटीत मोजलं तर अंतर मिटत चाललंय. कोणता अर्थ खरा हे ठरवायला जन्मवर्षानुसार गट करून त्याच पिढीचा माग काढणारे तक्ते लागतात. माहिती आपल्या संगणकात पडून आहे. तक्ता मात्र अहवालात नाही.

धोरणाची परीक्षा घेतानाही हेच. ब्रिटनने एप्रिल २०१८ पासून गोड पेयांवर कर लावला. केंब्रिजच्या संशोधकांनी त्यानंतरच्या शाळकरी मुलांच्या मोजमापांचा अभ्यास केला. दहा-अकरा वर्षांच्या मुलींमध्ये स्थूलता अपेक्षेपेक्षा ८ टक्क्यांनी कमी दिसली, गरीब वस्त्यांत जास्तच. मुलग्यांमध्ये असा काही परिणाम दिसला नाही. दोघांना एकत्र केलं असतं तर 'थोडासा, संशयास्पद परिणाम' असं काहीतरी निघालं असतं आणि करविरोधकांनी ते वर्षानुवर्षं वापरलं असतं. वेगळं केल्यामुळे दोन कामाचे प्रश्न हाती आले: मुलींवर तो कसा चालला, आणि मुलग्यांवर का नाही?

उलट बाजू वजन कमी करण्याच्या उपक्रमांची. जीवनशैली बदलण्याच्या चाचण्यांचा आढावा घेतला तेव्हा त्यांत पुरुष सरासरी २७ टक्केच आढळले. वजन हा बायकांचा विषय, हे गृहीत आपल्या संशोधनातही मुरलेलं आहे. स्कॉटलंडमध्ये १३ व्यावसायिक फुटबॉल क्लबांच्या मैदानांवर ३५ ते ६५ वयाच्या जाड्या चाहत्यांसाठी वर्ग भरवले, ७४७ पुरुष आले, आणि वर्षअखेर वर्गात बसलेल्यांचं वजन प्रतीक्षेत ठेवलेल्यांपेक्षा सरासरी जवळपास पाच किलोंनी कमी भरलं. पुरुष येत नाहीत असं नव्हतं. त्यांना बोलावलं नव्हतं, किंवा चुकीच्या दारातून बोलावलं होतं.

तेव्हा विनंती अशी. पहिल्या पानावर एक टक्केवारी नको, किमान चार हव्यात: पुरुष आणि स्त्रिया, २५ च्या वर आणि ३० च्या वर. नमुना पुरेसा असेल तिथे ४० च्या वरचेही द्या. जागा पुरत नसेल तर रंगीत छायाचित्र कमी करा. तसंही त्यात बहुतेक वेळा मान नसलेलं, फक्त पोट दाखवणारं कोणीतरी असतं, आणि ते पाहून कोणाचं वजन उतरल्याचं ऐकिवात नाही. शेजारी कमी वजनाचा आकडा. वाढ सांगताना पट आणि फरक दोन्ही. माता-बालकांच्या पाहण्यांत घरातल्या पुरुषालाही काट्यावर उभं करा आणि ४९ ची मर्यादा उठवा. गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया मोजणीतून वगळता ते योग्यच आहे, पण किती वगळल्या ते दर वेळी लिहा, कारण जननदर घटला की हा गटही बदलतो आणि तुलना नकळत डळमळते.

२०१३ मध्ये जगातल्या देशांनी एकत्र येऊन लक्ष्य ठरवलं होतं: २०२५ पर्यंत मधुमेह आणि स्थूलता यांची वाढ थांबवायची. ते हुकलं. मूळ आराखड्याला नंतर २०३० पर्यंत मुदतवाढ मिळाली आहे. 'वाढ थांबवा' या शब्दांत कोणाची वाढ हे नाही. कोरियात ती पुरुषांची थांबवायची आहे, दक्षिण आफ्रिकेत स्त्रियांची, इंग्लंडमध्ये दोघांची पण वेगवेगळ्या रेषांवर. पुढची लक्ष्यं ठरवणाऱ्या बैठकांसाठी टिपणं आपल्याच कार्यालयांत तयार होतात. त्यातल्या आलेखात दोन रेघा काढायला कोणाची परवानगी लागत नाही, नवा निधीही लागत नाही. येत्या अहवालापासून त्या काढाव्यात, आणि १९९० पासूनचे जुने आकडेही त्याच पद्धतीने पुन्हा मांडून खुले करावेत, ही विनंती.

कळावे,
आपली नियमित वाचक